पऱ्हाटीचं झाड आणि सिस्टरआजीची पेटी

यंदाच्या नाताळात मी माझी सजावटीची पेटी गल्लीतल्या लेकरांना वाटून टाकली. पुण्याच्या लेकीला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "आई, निदान आम्हाला विचारायचं तरी!" विचारलं असतं तर वाटून झालं नसतं, म्हणून नाही विचारलं. तिच्या फ्लॅटमध्ये दरवर्षी प्लास्टिकचं झाड खोक्यातून निघतं, फांद्या उलगडल्या की उभं. त्यावर एका रंगाचे, एका मापाचे गोळे. छान दिसतं, मी नाव ठेवत नाही. पण माझ्या पेटीतलं सामान त्या झाडावर उपरंच दिसेल. ती ते जपून नेणार, जपून ठेवणार, आणि पलंगाखालच्या कप्प्यात ते नुसतं जपलेलंच राहणार.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. ख्रिस्ती घरं इथे बोटांवर मोजावी एवढीच. मी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होते. निवृत्त झाले तरी गावाला मी अजून सिस्टरच, आणि पोट्ट्यांना सिस्टरआजी. काही घरांत तर आईचं बाळंतपण मी केलं आणि पुढे तिच्या लेकीचंही मीच केलं. त्यामुळे ही पोट्टी माझ्या घरात शिरताना दार वाजवत नाहीत. डिसेंबर लागला की त्यांचं टुमणं सुरू, "सिस्टरआजी, पेटी कधी काढतं?"

आजवर पेटी निघायची, पण तिला हात मी लावायचे. पोट्टे ओसरीत भिंतीला टेकून बसायचे आणि पाहायचे. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत. दुसरं म्हणजे, पेटीतल्या निम्म्या वस्तू अशा की त्यांची हकिकत माहीत नसेल तर तो निव्वळ कचरा आहे. मी गेल्यावर कोणी पेटी उघडली तर त्याला चेंबलेलं ॲल्युमिनियम, तुटका उंट आणि पिवळे पडलेले कागद दिसतील, आणि तो ते भंगारवाल्याच्या तराजूत टाकेल. त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. म्हणून म्हटलं, तोंड चालतंय तोवर हकिकतीसकट देऊन टाकू.

पेटी मूळची माझ्या बाबांची. ते यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या आवारात माळी होते. ही संस्था यवतमाळात १९५३ साली सुरू झाली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायला निघालेली मुलं देशभरातून तिथे यायची. केरळची, तामिळनाडूची, ओडिशाची, पार नागालँडची. नाताळची सुट्टी ती केवढी, आणि नागालँडला जाऊन यायचं म्हणजे अर्धी सुट्टी रेल्वेतच. मग ही मुलं नाताळ वसतिगृहातच करायची, आणि सजावट हातांनी. ज्याच्या गावाकडे जे करत ते तो इथे करायचा. शिकून निघताना ट्रंकेत जागा नसायची, तेव्हा हे सामान बाबांच्या हातात. "माळीबाबा, ठेवा." बाबा कशालाच नाही म्हणायचे नाहीत. १९८३ मध्ये संस्था पुण्याला बिबवेवाडीत हलली, तेव्हा गोदामातलं उरलंसुरलंही आमच्या घरी आलं. आई वैतागली आणि सगळं पेटीत कोंबून माझ्या नावानं मोकळी झाली.

ती पेटी मी यवतमाळहून दारव्ह्याला शकुंतला गाडीनं आणली. लोखंडी पेटी सीटखाली आणि काचेचे गोळे मांडीवर. तेव्हा या छोट्या रुळांच्या गाडीला वाफेचं इंजिन होतं. ते १९९४ पर्यंत चाललं. चालत्या गाडीतून उतरावं, शेतातला हरभरा उपटावा आणि मागच्या डब्यात चढावं, अशी तिची ख्याती. माझा एकही गोळा फुटला नाही, याचं श्रेय त्या गाडीच्या चालीला. आता गाडीच बंद आहे आणि रुळांतून गवत उगवलंय. पोट्ट्यांना हे सांगितलं की त्यांना गोळ्यांपेक्षा गाडीतच जास्त रस.

बाबा नाताळचं झाड म्हणून आवारातल्या सुरूची फांदी छाटून आणायचे. सासरी आले तर इथे मैलोगणती सुरू नाही. बाभळीवर काटे, पळसाची पानं गळती, निंबाच्या डहाळीला गोळा बांधला की डहाळी पार वाकते. पहिल्या वर्षी सासूबाईंनीच मार्ग काढला. त्या माझ्याएवढ्या शिकलेल्या नव्हत्या, पण नजर तयार होती. शेतातून येताना त्यांनी मुळासकट उपटलेली एक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्यावर घेऊन आणली आणि अंगणात ठेवून म्हणाल्या, "हे घे तुहं झाड."

तेव्हापासून आमच्याकडे पऱ्हाटी. दुसरा वेचा झाला की यजमान धुऱ्याजवळची एखादी भरदार, कमरेच्या वर गेलेली पऱ्हाटी राखून ठेवतात. तिच्यावरची फुटलेली बोंडं वेचायची नाहीत. गेरू लावलेल्या तेलाच्या पिप्यात दगड-माती भरून ती उभी केली की काळपट तांबड्या फांद्या आणि टोकाटोकाला पांढरा कापूस. शहरात लोक झाडावर शोषक कापसाचे पुंजके चिकटवून बर्फ करतात. आमच्या झाडाला बर्फ मुळातूनच आलेला असतो.

यंदा झाड आणलं तर तांड्यावरची एक पोट्टी लगेच बोलली, "आजी, एवढा कापूस झाडावरच सोडला? तुह्यं नुकसान नाही का?" तिची आई किलोच्या भावानं वेचायला जाते, त्यामुळे पोरीचा हिशेब पक्का. मी म्हटलं, जानेवारीत वेचून शेजारच्या काकूंना देते, त्या वाती वळतात. मग तिला पटलं. पटलं म्हणजे काय, ती उठली आणि एकेक बोंड तपासायला लागली. जे बोंड नीट उमललं नाही, पाकळी आखडून पिवळी पडली, ते तिनं कचकन तोडून बाजूला टाकलं. "ही कवडी हाय." गुलाबी बोंडअळीनं आतून खाल्लं की बोंडाची अशी कवडी होते. २०१७ ला तिनं आमच्या जिल्ह्यात जो हैदोस घातला तो अजून कोणी विसरलेलं नाही. कृषी सहायक दरवर्षी सांगून जातात की डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदड, म्हणजे त्याच झाडांवर लांबवलेलं पीक, घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग घराजवळ रचू नका, त्यात कोष राहतात. यजमान मला हे दर नाताळला ऐकवतात, "सारं गाव अळी जाळून राहिलं आन् तू घरात आणून राहिली." मी ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांच्या सणाला, सजावट उतरवते आणि झाड त्याच दिवशी चुलीत घालते. वर्षातून एक पऱ्हाटी, तीही कवड्या काढून. एवढं अळीनं चालवून घ्यावं.

तर झाड उभं राहिलं आणि पेटी खाली आली. गल्लीतली आणि तांड्यावरची मिळून ओसरी भरली. मी एकच अट घातली. ज्याला जे पाहिजे ते त्यानं उचलायचं, पण आधी त्याची हकिकत ऐकायची आणि मला परत सांगून दाखवायची. सांगता आली तर वस्तू त्याची. न्यायची, आणि कुठेतरी टांगायची. दिवाळीला टांगा, लग्नात टांगा, पोळ्याला बैलाच्या शिंगाला बांधा, माझी हरकत नाही. कपाटात ठेवली असं कळलं तर परत घेऊन येईन.

सगळ्यात वर इंजेक्शनची खोकी. पूर्वी दवाखान्यात कुप्यांची खोकी यायची, आत पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे चौकोन. रिकामी झाली की मी घरी आणायची. एका चौकोनात एक गोळा, भोवती लुगड्याची चिंधी. काचेचे गोळे ठेवायला याहून चांगली सोय मी कुठे पाहिली नाही.

त्यात एक चंदेरी गोळा सगळ्यात जुना. लिंबाएवढा, वजन असं की तळहाताला कळतही नाही. वरच्या पत्र्याच्या टोपीवर बारीक अक्षरांत जर्मनी कोरलेलं. सेमिनरीतल्या एका परदेशी बाईंनी बाबांना दिलेला. नातवानं मोबाईलवर शोधून सांगितलं की जर्मनीत लाउशा नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथे १५९७ पासून काचेच्या भट्ट्या आहेत आणि झाडाला टांगायचे काचेचे गोळे तिथून जगभर गेले. घरोघरी हे काम चालायचं. बाप ज्योतीवर नळी धरून फुंकायचा, आई आतून चांदी चढवायची, लेकरं टोप्या बसवायची. हा माझा गोळा तिथलाच की दुसऱ्या गावचा, टोपीवर लिहिलेलं नाही.

पण त्यातली चांदी मी चांगली ओळखते. गोळ्याच्या आत सिल्व्हर नायट्रेटचं पाणी आणि साखरेचं पाणी ओतून हलवतात, म्हणजे चांदी सुटून काचेला आतून धरते. हेच सिल्व्हर नायट्रेट आम्ही दवाखान्यात वापरायचो. नाळ गळून पडल्यावर कधी कधी बाळाच्या बेंबीत लाल मांसाचा कण राहतो, ओलसर, बरा न होणारा. त्याला सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवायची. आजूबाजूच्या कातडीला लागू द्यायची नाही आणि आपल्या बोटाला तर नाहीच, कारण डाग आधी दिसत नाही, उजेडात काळा पडतो आणि कातडी निघेपर्यंत जात नाही. माझ्या बोटांवर असे डाग कायम असायचे. पोट्ट्यांना मी हे सांगितलं आणि त्यांच्यातल्या एकाकडे बोट दाखवलं, "तुह्या बेंबीलेही मीच लावली होती." बस. पुढचा अर्धा तास सगळ्यांची शर्टं वर. कोणाला लावली, कोणाला नाही, याच्यावर भांडण. नाताळ राहिला बाजूला.

तो गोळा शेवटी तांड्यावरच्या त्याच हिशेबी पोरीनं घेतला. मला वाटलं होतं ती आरशांचा तारा घेईल. तो तारा तिच्याच तांड्यावरच्या एका बाईनं मला करून दिलेला. जोखमीचं बाळंतपण होतं, रात्रभर बसावं लागलं होतं. महिनाभरानं ती बाई आली आणि लाल कापडावर आरसे, कवड्या आणि निळी-पिवळी टाक्याची नक्षी असलेला तारा माझ्या हातात ठेवला. कुठे पाहिला असेल तिनं तारा? आमच्याच दारावर. पोरीनं तो उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. "असं तं माह्या आजीच्या फेटियाले किती हाय. मले तो काचेचा दे." फेटिया म्हणजे त्यांचा घागरा. हकिकत तिनं न अडखळता सांगितली, फक्त लाउशाचं लावशी केलं. गोळा खोक्यासकट दिला. तो ती कुठे टांगणार हे विचारलं, तर म्हणाली, "आरशापुढं. म्हंजे दोन दिसन." हिशेब पक्का आहे म्हटलं ना!

आरशांचा तारा मी कोणाला दिला नाही. म्हणजे कोणी मागितलाच नाही, आणि मीही पुढे केला नाही.

त्याखाली कागदी लगद्याचे दोन गोळे निघाले, त्यावर चिनारची पानं रंगवलेली. हिवाळ्यात शाली विकायला येणाऱ्या काश्मिरी भाऊंकडून घेतलेले. श्रीनगरचे कारागीर नाताळासाठी असे गोळे, घंटा, चांदण्या करून परदेशी पाठवतात. त्यातले काही त्यांच्या गाठोड्यात होते. शाल मी हप्त्यानं घेतली, गोळे रोखीनं. ते पटकन गेले. न फुटणारी वस्तू पोट्ट्यांना फारशी आवडत नाही असं मला वाटायचं, पण ज्यांच्या घरात रांगतं बाळ आहे त्या दोघी बहिणींनी मुद्दाम तेच मागितले.

मग निघाली माझ्या हातची माळ. इंजेक्शनच्या कुपीला वरून ॲल्युमिनियमचं सील असतं. ते सोलून निघालं की कडं राहतं. अशी कडी मी वर्षानुवर्षं धुऊन, उकळून दोऱ्यात ओवली. प्रत्येक कड्यामागे कोणाचा तरी ताप, कोणाचा तरी धनुर्वात. माळ भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. चेंबली आहे, चकाकी गेली आहे. चिंच लावून घासली तर निघेल थोडी. तिचे मी तुकडे करून वाटले. एका पोट्ट्यानं तिथेच कमरेला बांधून करदोडा केला.

गव्हाणीचं दृश्य आमच्या पंथात फारसं मांडत नाहीत. माझं आलं ते नागपूरहून, नर्सिंगला असताना सोबतच्या कॅथलिक मैत्रिणीनं दिलं. प्लास्टरच्या मूर्ती, कुतूहलानं हाताळून नाकं घासलेल्या. आमच्या लेकरांना गव्हाण समजवावी लागत नाही, उलट त्यांनीच माझ्या मांडणीत खोट काढली. "आजी, गव्हाणीत बाळ ठेवलं, मंग बैल खाईन काय?" मी म्हटलं बाळापुरता बैल उपाशी. "कुटार बाजूले टाक ना मंग." टाकलं.

माझ्या संचातला बैल केव्हाच फुटला होता. त्याच्या जागी माझ्या मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल उभा असतो, चाकांचा, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. तो योसेफाच्या दुप्पट आणि उंटाच्या दीडपट. मेंढपाळ त्याच्यापुढे अगदी कोंबडीएवढा दिसतो. कित्येक वर्षं तो तसाच उभा आहे आणि कोणालाही वावगं वाटलेलं नाही. यंदा मात्र एकानं विचारलं, "बायबलात बैल हाय काय?" खरं म्हणजे नाही. जन्माच्या गोष्टीत गव्हाण आहे, बैल-गाढव लिहिलेले नाहीत. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, गवत टाकलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. हे ऐकल्यावर आमच्या पोट्ट्यांनी पुढच्या वर्षीसाठी कोणाच्या घरचा बैल आणायचा यावर चर्चा सुरू केली. मी विषय बदलला. माझ्या ओसरीची फरशी मला पुसावी लागते.

उंटांचं त्यांना काही विशेष नाही. दिवाळीनंतर काठेवाडी मेंढ्या घेऊन येतात, सोबत उंट असतात, पाठीवर खाटा आणि कोकरं लादलेली. आमच्या शेतातही त्यांची मेंढरं बसलेली आहेत, खतासाठी. त्यामुळे पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे तेच राजे, उंटावरून आले म्हटलं की पोट्टे विचारतात, मेंढ्या कुठे राहिल्या? राजे तीन, असं आपण म्हणतो. बायबलात आकडा दिलेला नाही, भेटी तेवढ्या तीन आहेत. सोने, ऊद, गंधरस. ऊद म्हटल्याबरोबर एक जण उठलाच, "माह्या अब्बाच्या दुकानात भेटते! दर्ग्यावर जाळतेत!" तो गेला आणि चिमूटभर पुडीत घेऊन आला. निखाऱ्यावर टाकला. यजमान आतून शिंकत बाहेर आले. राजांपैकी ऊदवाला राजा त्या पोराला मिळाला, हे सांगायला नको.

कार्डांच्या माळेबद्दल फार लिहीत नाही. जुनी भेटकार्डं मधोमध कापून दोऱ्याला लावलेली. पोट्ट्यांनी चित्रं पाहिली, बर्फात बुडालेली घरं पाहिली, आणि मोठ्या पोरीनं मागची अक्षरं वाचायला घेतली. ती मी काढून घेतली. ती आता माझ्या कपाटात आहेत.

एक देवदूत गेला आणि परत आला. पाठीला पंख, हातात तुतारी, जरीच्या झग्याचा. एका लहानीनं नेला होता. दुसऱ्या दिवशी तिची आजी पदरात झाकून घेऊन आली. मला वाटलं, आता धर्माचं काही निघतं की काय. म्हातारी म्हणाली, "सिस्टर, हे देवाचं हाय. आमच्या घरी कोंबड्या फिरतेत, पोट्टे लाथा मारतेत. याचा मान कसा ठेवू मी?" तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. देवदूत मी ठेवून घेतला आणि पोरीला कड्यांच्या माळेचा लांब तुकडा दिला. म्हातारीनं चहा घेतला. जाताना देवदूताला हात जोडून गेली.

कागदाचा तारा मात्र द्यायला जुना नसतोच. तो दरवर्षी नवा करायचा. बाबा तो केरळच्या मुलांकडून शिकले आणि मी बाबांकडून. बुरुडाकडून बांबूच्या पातळ कामट्या आणायच्या, सगळ्या एका मापाच्या. पाच कामट्यांचा एक सपाट तारा, हात न उचलता काढतात तसा, प्रत्येक ओलांडणीवर दोऱ्याची गाठ. असे दोन. ते एकावर एक ठेवून पाचही टोकं बांधायची. मग आत, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे, बोटभर लांबीचे पाच तुकडे दोन ताऱ्यांच्या मध्ये उभे अडकवायचे. हे अडकवताना तारा एकदम फुगतो आणि हातात उसळतो. इथेच पोट्टी ओरडतात. यंदा पहिल्या ताऱ्याला त्यांनी गाठी ढिल्या दिल्या होत्या, तो फुगण्याऐवजी सुटला आणि एक कामटी यजमानांच्या चष्म्यावर गेली. दुसरा जमला. वरून पतंगी कागद, मैद्याच्या खळीनं. खळीत चिमूटभर मोरचूद मी स्वतः टाकते, झुरळं आणि किडे कागद खात नाहीत. पण ते विष आहे, म्हणून तो डबा पोट्ट्यांच्या हाती देत नाही आणि हात साबणानं धुवून घेते. एका बाजूचा कागद थोडा उघडा ठेवायचा, दिवा आत सोडायला. आकाशकंदील करणाऱ्या हातांना यात नवं फारसं नाही. एकाने विचारलंच, "आजी, दिवाळीचा कंदील याच्यातच बसवला तं?" बसव की.

शेवटी दिव्यांची माळ राहिली. जुनी, बारीक बल्बांची, केव्हाची बंद. तिच्यावर नववीतल्या एका पोराची नजर पहिल्यापासून होती. त्याचे वडील मोटारी बांधतात, म्हणजे विहिरीवरच्या पंपांच्या. हकिकत ऐकून घेण्याआधी त्यानंच मला शिकवलं. सहा व्होल्टचे चाळीस बल्ब एकामागे एक, सहा गुणिले चाळीस दोनशे चाळीस, साधारण घरच्या विजेएवढे, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही. आणि म्हणूनच एक गेला की सगळे गेले. मी त्याला न्यूयॉर्कच्या जॉन्सनची गोष्ट सांगितली. एडिसनचा सहकारी, यानं १८८२ मध्ये घरच्या झाडाला पहिल्यांदा विजेचे दिवे लावले, लाल, पांढरे, निळे, ऐंशी दिवे. पोरानं लगेच विचारलं, "सिरीजमध्ये का पॅरलल?" आता हे मला काय ठाऊक?

त्यानं माळ ओसरीत पसरली. मी पिन काढून माझ्या मांडीखाली ठेवली, कारण पोट्ट्यांवर माझा भरवसा नाही. एक चांगला बल्ब हातात घेऊन तो ओळीनं निघाला. बल्ब होल्डरमधून उपसायचा, खाली केसासारख्या दोन तारा प्लास्टिकच्या बुडावर दुमडलेल्या असतात त्या पाहायच्या, त्याच्या जागी चांगला खोचायचा, मग मला म्हणायचं, "आजी, लाव." मी पिन लावायची. काही नाही. काढायची. पुढचा. बाकीची पोट्टी कंटाळून अंगणात पळाली. चहा झाला, गाईचं दूध काढून झालं, हा तिथेच. एका बल्बची तार गंजून तुटली होती, ती त्यानं नखानं सोलून पुन्हा दुमडली, आणि पिन लावल्याबरोबर पऱ्हाटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटली. लाल, हिरवी, पिवळी. अंगणातली फौज परत आत. यजमान म्हणाले, कापूस आहे, जळेल. हात लावून पाहिला तर बल्ब कोमट. तरी आम्ही रात्री झोपताना माळ बंद करत होतो. कापसाशी खेळ नको.

६ जानेवारीला सजावट उतरवल्यावर माळ तो घेऊन गेला. परवा संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आला तेव्हा सांगत होता की माळ घरी दोनदा लावून पाहिली, चालू आहे. आता १४ एप्रिलला त्यांच्या वस्तीत बाबासाहेबांच्या जयंतीची कमान असते, तिच्यावर लावायची. एकच अडचण.

"आजी, निळे बल्ब भेटतीन काय? सहा व्होल्टचेच पाह्यजेत. चाळीस."

मी नागपूरला भाच्याला फोन केलाय. तो तिथल्या इतवारी बाजारात पाहून सांगतो म्हणाला.